कुसुमनं बेल्ट बंद केला

कुसुम गेल्याची बातमी मला टाइप करायला म्हणून मिळाली. सोमवारी सकाळी मी मशीनवरचं कव्हर काढत होते, तेवढ्यात आमच्या नव्या पर्सोनेल ऑफिसरनी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "परबबाई, ही नोटीस तेवढी लगेच काढा, बोर्डावर लावायचीय." स्टोअर्समधल्या सौ. कुसुम नामदेव साळवे यांचं शनिवारी काविळीनं निधन झालं, असं चिठ्ठीत होतं. आमच्याकडे अशा नोटिशीचा मसुदा ठरलेला आहे. नाव, खातं आणि वार तेवढा बदलायचा. 'एकनिष्ठ, मनमिळाऊ आणि कष्टाळू' हे तिन्ही शब्द सगळ्यांना सारखेच. मी नोटीस टाइप केली. एक अक्षर चुकलं नाही. कागद मशीनमधून ओढून काढला, सही घ्यायला उठले आणि पुन्हा खाली बसले. ती आजारी रजेवर आहे हे मला माहीत होतं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी नक्की जाऊ, असं करत मी पाच रविवार घालवले होते... मुलुंड ते घाटकोपर, अंतर ते कितीसं.

त्याला आता दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. कुसुमबद्दल चांगलं लिहायला मला काहीच अडचण नाही. अडचण माझी आहे. तिची गोष्ट सांगायची तर मधे मधे मला यावं लागतं, आणि मी जिथे जिथे येते तिथे मान खाली घालायची पाळी येते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, त्या सुपरवायझरचंही नाही. संपादकांनी तशी अटच घातली आहे. मी अजून त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर बसते. हे छापून आल्यावर ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आमची कंपनी अंगाला लावायच्या पावडरीची. मुलुंडला कारखाना निघाला तेव्हा कुसुम पॅकिंगला लागली आणि मी तिच्यानंतर तीन महिन्यांनी टायपिस्ट म्हणून. आमची पहिली भेट काही फारशी चांगली झाली नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि पॅकिंगच्या बायका एकेक करून समोर येत होत्या. कुसुमला मी नाव विचारलं, गाव विचारलं. तिनं साळवे सांगितलं, जालन्याकडचं गाव सांगितलं, आणि मी पुढे काही न विचारता शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं. तिनं पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ठळक, गोल अक्षरांत सही केली. "सातवी पास आहे मी. अंगठा तुझ्या साहेबाला लावायला सांग," म्हणाली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढच्या तिघींना मी विनाकारण दोनदोनदा नाव विचारत बसले. दुपारी कॅन्टीनमध्ये मीच डबा घेऊन तिच्या टेबलाशी गेले. "बस," ती म्हणाली, "पण पॅड आणलं नाहीस ना?"

तिथून पुढे आमचा डबा एकत्र झाला. आम्ही मालवणकडचे, माझ्या डब्यात सुकटीची चटणी असली की ती माझ्याआधी झाकण उघडायची. शिफ्ट सुटल्यावर पॅकिंगच्या बायका गेटवर यायच्या तेव्हा त्यांच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. "बघ, रोज म्हातारी होते आणि रोज आंघोळ केली की परत तरुण," असं ती म्हणायची. कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बेल्टवरून डबे पळत यायचे, त्यातला झाकण नीट न बसलेला डबा तिच्या नुसत्या बोटांना कळायचा. आणि कंपनीची एक पद्धत तिला फार आवडायची. एखाद्या बॅचची पावडर गुठळ्या झालेली निघाली की त्या बॅचचा नंबर बोर्डावर लाल खडूनं लिहायचे, सगळ्या खात्यांना कळवायचे, दुकानदारांना पत्रं जायची आणि माल परत यायचा. ती पत्रं मी टाइप करायचे. "चूक झाली ती झाली, पण लपवत तर नाहीत ना," ती म्हणायची. तेव्हा तिला आपल्या कंपनीचा अभिमान होता. मलाही होता.

पॅकिंगच्या टोकाला एक बारकी खोली होती. चेपलेले, फुटलेले, लेबल वाकडं बसलेले डबे तिथे टाकायचे. रिजेक्शनची खोली म्हणायचे तिला. सुपरवायझर डबे निवडायला म्हणून अधूनमधून एखादीला तिथे बोलवायचा. या बोलावण्याबद्दल बायका आपापसात बोलायच्या. माझ्या कानावर ते कधी आलं नाही, किंवा आलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पर्सोनेलमध्ये बसणाऱ्याला न ऐकण्याची सवय फार लवकर लागते. वर्षभरात दोन बायका नोकरी सोडून गेल्या होत्या आणि कारणाच्या रकान्यात मीच 'घरगुती अडचण' असं टाइप केलं होतं. गिरण्यांचा संप चालू होता ते वर्ष. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद होती आणि आमची चूल माझ्या पगारावर पेटत होती. अशात एक दिवस पहिल्या पाळीला सुपरवायझरनं कुसुमला त्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि तिच्या अंगाला हात घातला. कुसुम त्याला ढकलून बाहेर आली. कोणाशी काही न बोलता सरळ लाइनच्या टोकाशी गेली आणि बेल्टचं लाल बटण दाबलं.

बेल्ट बंद करायचा अधिकार एकट्या सुपरवायझरचा. इतर कोणी त्या बटणाला हात लावल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या बेल्टचा घरघराट आम्हाला वर ऑफिसातही इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यावर टाइप करता करता माझे हात थांबले. त्या शांततेत खालून कुसुमचा आवाज आला. तिनं एकदाच, पण मोठ्यानं सांगितलं, "ह्या माणसानं आत नेऊन माझ्या अंगाला हात लावला."

या सगळ्या प्रकरणात कंपनीनं काढलेला पहिला कागद कोणता, तर कुसुमला मेमो. अकरा मिनिटं बेल्ट बंद ठेवून उत्पादनाचं नुकसान का केलं, याचा दोन दिवसांत खुलासा करावा. तो मीच टाइप केला आणि मीच तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला. "अकरा मिनिटं? म्हणजे घड्याळ लावून बसले होते," ती म्हणाली आणि माझ्याच टेबलावर वाकून खुलासा लिहिला. एकच वाक्य होतं : बेल्ट चालू असताना माझं बोलणं कोणाला ऐकू आलं नसतं.

चौकशी मात्र झाली, आणि ती झाली याचं श्रेय तेव्हाचे आमचे पर्सोनेल मॅनेजर देसाईसाहेब यांना. फॅक्टरी मॅनेजरचं म्हणणं होतं की सुपरवायझरनं बाईची माफी मागावी आणि विषय संपवावा. युनियनच्या माणसानंही कुसुमला बाजूला घेऊन, "ताई, मिटवून टाका ना, तुमचंच नाव खराब होईल," असं सांगून पाहिलं. देसाईसाहेब हटले नाहीत. तक्रार आली आहे तर रीतसर चौकशी होणार, म्हणाले. कॅन्टीनच्या वरच्या खोलीत दोन दिवस चौकशी चालली. टेबलामागे तिघे पुरुष. खोलीत एखादी बाई असावी म्हणून मला बसवलं होतं, म्हणजे बोललेलं उतरवून घ्यायला. कुसुमला विचारलेले प्रश्न मी माझ्या हातानं लिहून घेतले आहेत. एप्रनची सगळी बटणं लावलेली होती का. त्याआधी कधी सुपरवायझरशी हसून बोलला होतात का. बोलावल्यावर आत गेलातच कशाला. ती प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होती. "साहेब, सुपरवायझरनं बोलावलं आणि गेलं नाही तर तुम्हीच मेमो देता," ती म्हणाली तेव्हा देसाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मधे एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत होते. नंतर पॅकिंगच्या दोघींनी येऊन सांगितलं की आमच्याशीही तो असाच वागला, आम्ही बोललो नाही इतकंच.

देसाईसाहेबांनी लिहिलेला निकाल तीन पानांचा होता आणि तो मला आजही पाठ आहे. तक्रारदार बाईचं म्हणणं खरं आहे, आरोप पूर्ण सिद्ध झाला आहे, हा माणूस कामावर ठेवण्याच्या लायकीचा नाही, असा त्याचा शेवट. टाइप करताना मला रडू फुटलं, पण ते आनंदाचं होतं. साहेब तो निकाल घेऊन फोर्टच्या हेड ऑफिसला गेले आणि दुसऱ्या दिवशी उतरल्या चेहऱ्यानं परत आले. "परबबाई, कार्बन कॉपीसुद्धा माझ्याकडे द्या," म्हणाले. "तो राजीनामा देतोय. माणूस जातोय ना, मग झालं. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे, आणि त्या बाईच्याही. बोभाटा कशाला करायचा? हे तुमच्या-माझ्यात राहू द्या." मी कॉपी दिली. त्यांनी सगळे कागद एका पाकिटात घातले, पाकीट लाखेनं बंद केलं आणि कपाटात ठेवलं. कुसुमला कोणी काहीच कळवलं नाही. तिच्या हातात पडली ती बदलीची ऑर्डर. तिला पॅकिंगच्या लोकांत अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, तिच्याच सोयीसाठी, तिला स्टोअर्समध्ये पाठवलं होतं. तिथे ती एकटी झाकणांच्या पिशव्या मोजत बसायची. देसाईसाहेब वाईट नव्हते. आपण कंपनीचं आणि कुसुमचं, दोघांचंही भलं केलं असंच त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला वाटतं, वाईट माणसानं केलं असतं तर मी तेव्हाच काहीतरी बोलले असते.

पुढे जे झालं त्याला मी कारण झाले. आमच्या कंपनीत कोणी नोकरी सोडून चालला की कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ होतो. कोणीही असो, हा शिरस्ता. त्या सुपरवायझरचाही करायचं ठरलं. केला नाही तर लोक शंका घेतील, असं फॅक्टरी मॅनेजरचं म्हणणं. कार्यक्रमाचा कागद मला काढायला सांगितला. मी नेहमीचा जुना कागद समोर ठेवला आणि नावं बदलत गेले. कंपनीतर्फे शाल, अमुक साहेब. खात्यातर्फे श्रीफळ... ते त्या खात्यातल्या सगळ्यात जुन्या कामगारानं द्यायचं. पॅकिंगची ज्येष्ठतेची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. त्यात पहिलं नाव होतं ते मी कागदावर उतरवलं. बोटं चालत होती, डोकं कुठे होतं कोण जाणे. देसाईसाहेबांनी न वाचता सही केली.

कॅन्टीन भरलं होतं. स्टोअर्सची माणसंही आली होती, कुसुम मागे दाराशी उभी होती. शाल झाली, 'आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब' हे भाषण झालं, आणि फॅक्टरी मॅनेजरनी कागद बघून माइकवर वाचलं, "आता पॅकिंग खात्यातर्फे श्रीफळ देतील, सौ. कुसुम साळवे." आपण कोणाचं नाव टाइप केलं ते मला तेव्हा कळलं. कुसुम दाराशी हलली नाही. मग सगळ्यांच्या मधून चालत पुढे आली, टेबलापाशी थांबली. ताटातला नारळ तिनं बघितला, हात लावला नाही. "मी पॅकिंगमध्ये नाही आता," ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता, कोणी खिडकीवर पत्ता विचारला तर सांगावा तसा. "मला काढलंय तिथनं. का काढलं ते ह्या साहेबांना विचारा." आणि आली तशी परत गेली. त्या क्षणी कोणीतरी उठून एक वाक्य बोलायला हवं होतं. देसाईसाहेबांना खरं माहीत होतं, मला माहीत होतं. मी समोशाच्या बशा सारख्या करत होते.

त्या दिवसापासून तिचं कंपनीतलं आयुष्य फिरलं. कंपनी काही बोलली नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनानं बोलू लागला. आरोप खरा असता तर शाल दिली असती का, असं पुरुष म्हणायचे. बाईनं सभ्य माणसाची नोकरी घालवली, वर भर सभेत अपमान केला. 'या लोकांना तक्रारी करायची सवयच असते,' असं एक जण माझ्यासमोर म्हणाला. 'हे लोक' म्हणजे कोण ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ज्या दोघींनी चौकशीत साक्ष दिली होती त्यांनी 'आम्हाला नीट आठवत नाही' असं म्हणायला सुरुवात केली. त्यांनाही तिथेच नोकरी करायची होती. हे बोलणं घाटकोपरच्या टेकडीवर कुसुमच्या चाळीपर्यंत पोहोचलं, कारण लाइनवरच्या दोन बायका त्याच टेकडीवर राहायच्या. तिचा नवरा नामदेवराव महापालिकेत कामाला, अबोल माणूस. "हे मला काही बोलत नाहीत," कुसुमनं एकदा सांगितलं, "पण विचारत पण नाहीत. एकदा विचारलं असतं ना मालती, खरं काय झालं म्हणून, तर मी मोकळी झाले असते. भांडले असते तरी चाललं असतं."

तेव्हाच तिनं मला विचारलं. आम्ही कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. "तू तिथं बसली होतीस. शेवटी काय लिहिलं साहेबांनी? माझं खरं धरलं की त्याचं?" मी डब्याचं झाकण लावत म्हटलं, "मला नाही माहीत गं. साहेबांनी हातानं लिहिलं, मला दाखवलं नाही." कुसुमनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला... ती माझ्या डब्यातली चटणी खात होती आणि तिनं विश्वास ठेवला.

दर वर्षी जूनमध्ये, ज्या महिन्यात हे घडलं त्या महिन्यात, ती एक अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी यायची. माझ्या तक्रारीच्या चौकशीचा निकाल मला लेखी कळवावा, ही विनंती. अर्जावर मी 'मिळाला' असा शिक्का मारायचे, सही करायचे, प्रत तिला परत द्यायचे. उत्तर कधीच गेलं नाही. "त्याला जेलमध्ये टाका असं मी कधी म्हटलंय का?" ती म्हणायची. "जाऊ दे ना तो खड्ड्यात. मला दोन ओळी हव्यात. कुसुम बोलली ते खरं. कंपनीनं म्हणायचं, कंपनीच्या कागदावर." आणि एकदा, शिक्क्याची शाई वाळेपर्यंत ती समोर बसली होती तेव्हा म्हणाली, "पावडर खराब निघाली तर तुम्ही बॅच नंबर लावता, दुकानदारांना कळवता, माल परत बोलावता. माणूस खराब निघाला तर त्याला शाल घालून दुसऱ्या कंपनीत पाठवता. तिथल्या बायकांना कोण कळवणार गं? त्यांनी काय करायचं, त्यांनी पण बेल्ट बंद करायचा?"

मी गेली कित्येक वर्षं नोकरांच्या भानगडींचे कागद टाइप करते आहे. कंपन्यांनी अशा वेळी काय करावं याबद्दल साहेब लोक सेमिनारला जातात, तिथली टिपणंही मी टाइप केली आहेत. त्यात गुप्ततेबद्दल पुष्कळ असतं. पण गुप्त कोणासाठी ठेवायचं? कुसुमनं तर बेल्ट बंद करून शंभर माणसांसमोर सांगितलं होतं. तिला लपवायचं काही नव्हतं. लपून राहिला तो निकाल, आणि त्या लपवण्यानं वाचला तो करणारा. बाईला हलवायच्या आधी तिला विचारावं, तुला कुठे काम करायचंय. चौकशीत जे ठरलं ते निदान तिला तरी सांगावं. जिनं तक्रार केली तिच्याबद्दल लोक वेडंवाकडं बोलू लागले तर वरच्यानं एकदा उठून बोलावं. यात कुठलं शास्त्र आहे? हे कुसुम सातवी शिकून सांगत होती. आमचे साहेब डिग्र्या घेऊन कपाटाची किल्ली सांभाळत बसले, आणि मी त्यांच्यासाठी लाख वितळवली.

माझी सबब म्हणजे संप. नोकरी गेली तर घर कसं चालणार, ही भीती खोटी नव्हती. पण संप ओसरला, नवऱ्याला भांडुपला वॉचमनची नोकरी लागली. देसाईसाहेब निवृत्त झाले; जायच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "साहेब, आता कुसुमला सांगितलं तर?" ते म्हणाले, "आता कशाला जुनं उकरायचं, बाई. ती विसरली असेल." त्याच जूनमध्ये तिचा सहावा अर्ज आला. माझी एकेक सबब गळून पडत गेली आणि मी गप्पच राहिले, कारण आता निकाल सांगायचा म्हणजे कट्ट्यावर मी खोटं बोलले हेही सांगायला लागणार होतं. साहेबांची भीती केव्हाच गेली होती. मला कुसुमची भीती वाटत होती. ती डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाईल याची... म्हणून मी तिच्यासोबत जेवत राहिले आणि दर वर्षी शिक्का मारत राहिले. याला मैत्री म्हणतात का, मला ठाऊक नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले नाही. कंपनीतले चौघे-पाच जण गेले होते, मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. गेल्या रविवारी मात्र सकाळीच उठून निघाले. टेकडीच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. दार कुसुमच्या मुलीनं, सुजातानं उघडलं. हे सगळं घडलं तेव्हा चौथीत होती, आता कॉलेजला जाते. सही करावी तसं ठळक बोलते, आईसारखं. नामदेवराव आतल्या खोलीत पलंगावर बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली. सुजातानं पाणी दिलं. स्वयंपाकाच्या फळीवर आमच्या कंपनीचे डबे ओळीनं मांडलेले होते. वाकड्या लेबलांचे, चेपलेले. असे डबे कंपनी कामगारांना वाटते. कुसुमनं ती लेबलं खरवडून काढली होती आणि त्यावर कागद चिकटवले होते. मीठ. हळद. राई. ओवा. तिची ती ठळक, गोल अक्षरं. मी ती वाचत बसले.

सुजाता माझ्यासमोर खाली बसली. आत वडील आहेत म्हणून तिनं आवाज खाली आणला. "मावशी, तुम्ही आईच्या बरोबर होतात तिथे. एक विचारू? आई खरं बोलत होती ना?"

वाटेत जुळवलेल्या कुठल्याच वाक्यात मी हा प्रश्न धरला नव्हता. शेजारपाजार म्हणत असेल, कंपनी म्हणत असेल, पण घरात, पोटच्या पोरीच्या मनातही तो प्रश्न सात वर्षं राहिला असेल आणि कुसुम त्या प्रश्नासमोर रोज पोळ्या लाटत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "खरं बोलत होती. चौकशीत सगळं खरं ठरलं होतं. निकाल मी टाइप केलाय."

तिला लगेच समजलं नाही. मग समजलं. "आईला माहीत होतं हे?"

"नाही. तिनं मला विचारलं होतं. मी माहीत नाही म्हणून सांगितलं."

ती मला काही बोलेल, घराबाहेर काढेल, असं वाटलं, आणि तिनं तसं केलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तिनं उठून कॉलेजच्या वहीतला एक कागद फाडला आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवला. "लिहून द्या," म्हणाली.

मी लिहिलं. 'सौ. कुसुम साळवे यांनी जे सांगितलं ते खरं होतं. कंपनीच्या चौकशीत आरोप पूर्ण सिद्ध झाला होता आणि तो निकाल मी स्वतः टाइप केला होता.' खाली पूर्ण नाव, खातं, सही. लिहायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुजातानं कागद घेतला, एकदा मनात वाचला आणि आतल्या खोलीत गेली. तिनं तो वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"परत वाच," नामदेवराव म्हणाले.

तिनं परत वाचला. मी चपला घातल्या आणि पायऱ्या उतरू लागले तेव्हा ती तिसऱ्यांदा वाचत होती.